धुराड्यावरची मैना

आमच्या धुराड्यावर एक मैना बसते. जे ऐकते तेच हुबेहूब काढते, मनचं काही नाही. तिनं माझी शिट्टी काढली की आमचा कुत्रा मॉट मेंढ्या सोडून धावत येतो. माझी बायको नेरिस म्हणते, "तुझ्यापेक्षा तिचंच ऐकतो की रे तो."

परवापासून मैना तान्ह्या बाळासारखी रडायला लागली. वेल्समधल्या आमच्या या डोंगरावर बाळ कुणाकडेच नाही. नेरिसला सातवा महिना. ती पोटावर हात ठेवून हसली, "आपला सराव करून घेतेय."

मीपण हसलो. मस्त चाललं होतं.

आज दोघं अंगणात कपडे वाळत घालत होतो. मैना आधी बाळासारखी रडली. मग वरून माझा आवाज आला, फाटलेला, रडवेला.

"नेरिस, ऊठ ना गं. ऊठ."