हिरवा बिल्ला

बेटावरच्या सागरी अभ्यास केंद्राचा एक नियम होता. समुद्रावर जाताना दारातल्या फळ्यावरचा आपला बिल्ला लाल बाजूने लावायचा आणि परतल्यावर हिरव्या बाजूने. अंधारून आलं, भरती चढू लागली, तरी तिथे शिकणाऱ्या एका मुलीची खोलीतली मैत्रीण खडकांवरून परतली नव्हती.

"मॅडम, बोट काढा ना!" केंद्रप्रमुखांना विनवताना ती मुलगी रडकुंडीला आली होती.

"अगं, तिचा बिल्ला हिरवा आहे. म्हणजे परतलीय ती. बसली असेल कुठेतरी गप्पा छाटत."

"तो मी फिरवलाय, मॅडम. परतल्यावर फिरवायला ती रोज विसरते. तुमची बोलणी बसू नयेत म्हणून मीच गुपचूप फिरवते. आजही वाटलं, मागून येतच असेल."

मॅडम पुढचं ऐकायला थांबल्याच नाहीत.

बोट पोचली तेव्हा मैत्रीण खडकाला बिलगून उभी होती. पाणी हनुवटीला टेकलं होतं. बोटीत ओढून घेताच तिने हिला घट्ट मिठी मारली.

"पोहत निघणार होते गं," ती कुडकुडत म्हणाली, "पण म्हटलं, फळ्यावर माझा बिल्ला लाल आहे. तू बघशील आणि लगेच येशील. तेवढ्याच भरवशावर तग धरला."