भिंतीकडे तोंड करून

"मासा," बाई म्हणाल्या.

त्यांनी तोंडासमोर भरतकामाची रिंग धरली होती. रिंगवर काळं कापड ताणलेलं. ओठ दिसायचे नाहीत. कानातल्या यंत्रातून जे ऐकू येईल त्यावरच मुलीनं ओळखायचं. सहा वर्षांच्या भिंगरीनं टेबलावरच्या चित्रांतून मासा उचलून दाखवला.

"सातही बरोबर!" बाईंनी कागदावर खूण केली.

बाईंच्या मागं बाकावर भिंगरीची आई बसली होती. तिचा चेहरा काही खुलला नाही. घरी मागून हाक मारली तर पोरगी ढिम्म हलत नाही, दाराची बेल कोकलली तरी खेळत राहते, आणि इथं आली की सातापैकी सात? कुठंतरी पाणी मुरत होतं.

दहापैकी नऊ आले की बाई तसा शेरा लिहिणार होत्या. मग सुट्टीनंतर भिंगरी ही कर्णबधिरांची शाळा सोडून नेहमीच्या शाळेत, चाळीस मुलांच्या वर्गात. या शाळेला काय, तेवढंच मिरवायला. आणि पोरगी तिथं फळ्याकडे वळलेल्या मास्तरांच्या पाठीकडे बघत बसणार, वर्षभरात ढ ठरणार. आईला त्याची भीती वाटत होती.

"बाई, तुम्ही रोज याच क्रमानं विचारता ना? पाठ झालंय तिला."

बाईंनी चित्रं पिसली, पुन्हा मांडली. रिंग वर केली. "घोडा."

भिंगरीनं घोडा उचलला.

"मग डोळ्यांनी खुणावत असाल."

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वीस वर्षं या मुलांत घालवल्यावर हे ऐकायचं! त्यांनी खुर्ची गर्रकन फिरवली, भिंगरीकडे पाठ केली आणि आईच्या समोरच बसल्या. "आता तरी पटेल? छत्री."

भिंगरीनं छत्री उचलली. बाईंनी मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. त्या आईकडेच बघत राहिल्या, चांगलं रोखून. आईनंही नजर हटवली नाही. चोर तो चोर, वर शिरजोर, असं तिला वाटून गेलं.

"ताई," बाईंचा आवाज एकदम खाली आला होता. "एक शेवटचा शब्द. तेवढं तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसता?"

"का? मी पाठ फिरवली की तुम्हाला रान मोकळं?"

"मी पण अशीच तिच्याकडे पाठ करून बसते. मग तर झालं? चित्र उचलून ती तुमच्या हातात आणून देईल."

यातही काहीतरी डाव असणार, हे आईला ठाऊकच होतं. तरी ती बाकावर उलटी वळून बसली. कान मात्र टवकारलेले.

"बदक," बाई म्हणाल्या.

आणि आईचे ओठ हलले. बदक. आवाज नाही, नुसते ओठ. आजी बोलो, शेजारीण बोलो, दुकानदार बोलो, आई ते लेकीसाठी ओठांनी पुन्हा बोलायची. आपण असं करतोय हे तिच्या ध्यानातही यायचं नाही. आज समोर नुसती भिंत होती, म्हणून तिचं तिला कळलं.

मागं कोणी काही उचललं नाही. मग खुर्ची सरकली, छोटी पावलं वाजली, आणि बाक आणि भिंत यांच्या फटीतून अंग चोरत भिंगरी आईच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. तिच्या हातात चित्र नव्हतं. मान वर करून ती आईच्या तोंडाकडे बघत होती.

आईनं तोंडावर घट्ट हात धरला.

भिंगरीनं तो दोन्ही हातांनी खाली ओढला, आणि वाट बघत उभी राहिली.