पिल्लू

"हे पिल्लू तू नाही, मी काढलंय," ताई म्हणाली आणि चष्मा काढून तिने पहिलं पान टेबलावर आपटलं.

बंबवाल्याच्या हातातला चहा डुचमळला. सगळी नोकरी त्याने अग्निशमन दलात काढली होती. जळत्या इमारतींमधून माणसं खांद्यावर टाकून आणली, पण असा चटका कधी बसला नव्हता. आत्मचरित्र दुसऱ्या दिवशी छापखान्यात जायचं होतं. ताईला त्याने फक्त शुद्धलेखन बघायला बोलावलं होतं.

आणि ती उठली होती थेट पहिल्या प्रकरणावर! बंद पडलेल्या गोदामाचं तळघर, आत अडकलेलं पिल्लू, त्याचं रडणं, फुटक्या खिडकीतून हातात बॅटरी घेऊन उतरलेला एक लहान मुलगा. शेवटी त्याने लिहिलं होतं, 'त्या दिवशी माझ्यातला अग्निशामक जन्माला आला. बाबा बिचारे विमा कंपनीतले कारकून, झुरळ दिसलं तरी स्टुलावर चढत. हे धाडस मी कुणाकडून घेतलं, देव जाणे.' ती बॅटरीही समोरच होती. पत्र्याची, टोकाला पोचा आलेली. मुखपृष्ठावर तिचाच फोटो येणार होता.

"पोचा माझ्या हातून आलाय," ताई म्हणाली. "उतरताना पडली. आणि हा बघ गुडघ्यावरचा वण."

"गुडघा काय दाखवतेस? हे कोपर बघ!"

साठी उलटलेली ताई साडी सावरत गुडघा दाखवत होती आणि तिचा धाकटा भाऊ बाही सरसावून कोपर. ताई नावाजलेली सर्जन. दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांसमोर ती हेच तळघर सांगत आली होती. हात थरथरत असले तरी काम करता येतं, हे मी तिथे शिकले, असं म्हणत आली होती. आता ते तळघर भावाला देऊन टाकायचं म्हणजे काय?

"चोर!" ती म्हणाली.

"तूच चोर! चल आत्याकडे. दूध का दूध होऊन जाऊ दे."

बॅटरी घेऊन दोघं गाडीतून निघाले. सिग्नलला ताईने बॅटरी हळूच स्वतःच्या मांडीवर ओढली. सिग्नल सुटायच्या आत त्याने ती परत घेतली.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. ती शब्दकोडं सोडवत बसली होती. दोघांनी एकदमच सांगायला सुरुवात केली, तेव्हा तिने कानातलं यंत्र काढून ठेवलं. गप्प झाले, तेव्हा परत लावलं.

"आता एकेकाने. कुठलं पिल्लू?"

"गोदामातलं. कुत्र्याचं," तो म्हणाला.

"मांजराचं," ताई म्हणाली.

आत्याने पेन्सिल खाली ठेवली. आधी तिचे खांदे हलायला लागले, मग पोट. डोळ्यांतून पाणी येईतो ती हसली.

"अरे गाढवांनो, ती मी होते! लपाछपी खेळताना आत लपले आणि दार अडकलं. घरात मला पिल्लूच म्हणायचे. तुम्ही दोघं तेव्हा जन्माला तरी आला होतात का?"

बंबवाल्याने कोपर झाकलं. ताईने साडी नीट केली.

"मग... काढलं कुणी तुला?"

"तुमच्या बापाने! आणखी कुणी?"

"बाबांनी?" ताईला खरंच वाटेना. "ते तर अंधारात पाण्याच्या माठापर्यंतसुद्धा जायचे नाहीत."

"भित्राच होता. त्या दिवशीही लटलटत होता. हातातली बॅटरी पडली, आपटली, तरी आत आला. 'पिल्ल्या, तू रडू नकोस, मी दोघांचं रडतोय,' म्हणाला."

बंबवाल्याने बॅटरी उचलून तिचा पोचा अंगठ्याने चाचपला. आयुष्यभर ज्या मुलाच्या जिवावर तो आगीत शिरत आला होता, तो मुलगा विमा कंपनीतला कारकून निघाला होता.

"पण आम्हाला आठवतं ना, आत्या," तो म्हणाला. "तो वास, ती खिडकी, सगळं."

"आठवणारच. कितीदा ऐकलंत! तू अंधाराला घाबरायचास. डॉक्टर दिसला की ही कॉटखाली शिरायची. मग तुमचा बाप एकेकाला कुशीत घ्यायचा आणि तेच सांगायचा. तुला तुझं नाव घालून, हिला हिचं."

"स्वतःचं का नाही घातलं?" ताईने विचारलं.

"मीही हेच विचारलं होतं," आत्या म्हणाली. "तर म्हणतो कसा, 'माझं धाडस एकदाच वापरलंय गं, नव्यासारखं आहे. पोरांना होईल.'"