लोडिंग झाल्यावर

उंद्रीत तानाबाईचा श्वास अडखळायला लागला. तिनं लेकाचं नाव घेतलं, तशी शेजारच्या शालूबाईनं त्याला लावायला फोन उचलला. बायकोच्या उशाशी बसलेल्या जानरावनं तो काढून घेतला. “थांबा. प्रसेनजित नागपूरले विमानाच्या कॉम्प्युटरमंदी सॉफ्टवेअर भरून राह्यला. त्यानंच सांगतलं मले, मधात थांबलं त सारं पुन्हा भरा लागते.” “मंग भरन पुन्हा! भाऊ, हिचं काई खरं नाई.” “त्याचं लक्ष उडालं त विमानातल्या लोकायचं काय? झालं की तोच करते फोन.” मोबाइल मुठीत धरून तो बसून राहिला. तानाबाई दाराकडं बघत होती. ऊन उंबऱ्यावरून उतरलं. तिची छाती हलायची थांबली. शालूबाई तोंडाला पदर लावून बाहेर गेली. थोड्या वेळानं फोन वाजला.  जानरावनं तो सुरू करून तानाबाईच्या कानाशी धरला. “माय, झालं लोडिंग. आता पोटभर बोल.”