दुसरा मग

रविवारी दुपारी नवरा पबमध्ये शिरला, तशी त्याच्या मागावर आलेली शरयू बाहेर खिडकीशी दबा धरून उभी राहिली. लीड्सला येऊन अकरा वर्षं झाली, तरी तिने तिथे पाऊल ठेवलं नव्हतं. पण नेहमीच्या गिऱ्हाइकांचे मग नावानिशी भिंतीवर टांगतात, हे ऐकून होती. मालकाने नवऱ्याचा मग उतरवला, शेजारचाही उतरवून भरला. नवऱ्याने तो समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला.

म्हणजे कोणीतरी येणार होती!

ती तणतणत आत शिरली. "कोण हो ही भवानी?"

त्याने मग फिरवला. त्यावर तिचंच नाव होतं.

"अकरा वर्षं टांगलाय. आज बसस्टॉपपासून मागे तुझी छत्री दिसली, म्हणून उतरवला."

"आत काय आहे?"

"लेमनेड."

खुर्ची ओढून तिने आपला मग हुंगला. नंतर त्याचाही.