उष्टी कॉफी

दिवसभर मल्हारगंजच्या गल्ल्यांत जनगणना करून आई आली आणि चपला न काढताच खुर्चीत बसली. मी म्हटलं, “आज तू उठायचं नाहीस, समझी?” कपात कॉफी, साखर, चमचाभर दूध घालून फेटत बसले. वीस मिनिटांत मनगट गेलं, पण फेस असला आला भिया, एकदम मलाई. उरलेलं सगळं दूध उकळून त्यात ओतलं. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे कानडेकाका आले. “वहिनी, खुशबू तर जिन्यापर्यंत येतेय.” आई उठली. पहिला कप पाहुण्याला, हा तिचा नियम. स्वतःची कॉफी ती कायम गारच पिते. तिने कपासाठी हात पुढे केला. मी सरळ एक घोट घेतला. “अगं, उष्टी केलीस?” “हो. आता काकांना कशी देशील?” “पाणी चालेल,” काका हसत म्हणाले. आईने चपला काढल्या आणि गरम कप हातात घेतला.