माकडांचं औषध

डॉक्टर परशुराम कर्णिक मेंदूवरच्या औषधांचे मोठे संशोधक. प्रयोगशाळेत सर्पगंधा देऊन चवताळलेली माकडं गार करत; नौपाड्यातल्या घरी मात्र आई आणि बायकोच्या भांडणापुढे त्यांचं काही चालत नसे. एकदा आई कुजबुजली, “परशा, ते माकडांचं औषध सुनेच्या चहात घालू का रे?” घटकाभराने जया आली. “अहो, आईंसाठी आणा ना ते!”

डॉक्टरांनी दोघींना गुपचूप पिठीसाखरेच्या पुड्या दिल्या. ‘औषधावर आहे बिचारी,’ म्हणून दोघी एकमेकींना सांभाळून घेऊ लागल्या. भांडणं बंद! डॉक्टर स्वतःवरच खूश.

मग एका सकाळी टोपी सापडेना म्हणून त्यांनी घर डोक्यावर घेतलं. जयाने मुकाट्याने चहा आणून ठेवला. आई मायेने म्हणाली, “पी हो बाळा, गरम आहे तोवर.”

डॉक्टरांनी घोट घेतला. चहाचा नुसता पाक झाला होता.